विचारा गॅरेजवाल्या काकांना: ब्लॉक जुना आहे, पण त्याचा जन्मदाखला कुठाय?

प्रश्न : काका नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, सध्या नोकरीसाठी इंग्लंडात मिल्टन कीन्सला आहे. लोटस सेव्हन (जुनी, छोटी, उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) टाइपची किट कार, म्हणजे सुटे भाग जमवून घरी बांधायची गाडी, करायला घेतलीय. एकाने अर्धवट सोडलेली चेसी आणि बॉडी मिळाली, इंजिन नाही. तीन ऑप्शन समोर आहेत. १) फोर्ड क्रॉसफ्लो १६०० चा नुसता ब्लॉक, विकणारा म्हणतो १९७३ चा आहे, हेड नाही, कागद काही नाही. २) फोर्ड सिएरा गाडीतलं २ लिटर पिंटो इंजिन, ब्लॉकवर २०५ असं उठलंय, सिएरा सी रजिस्ट्रेशनची, तिचा व्ही५सी, म्हणजे इकडचं आरसी बुक, आहे. ३) १९९६ ची झीटेक (फोर्डचंच नवं इंजिन), अख्खी डोनर गाडी, म्हणजे जिच्यातून इंजिन काढायचं ती, चालू कंडिशनमध्ये, सगळ्यात स्वस्त. मित्र म्हणतात डोळे झाकून ७३ चा ब्लॉक घे, टेस्टला नुसता धूर बघतात, मशीन लावतच नाहीत. मला वेबर कंपनीचे दोन कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर लावायची हौस आहे. काय करू? — एक वाचक, मिल्टन कीन्स

अरे बाबा, मित्रांचं निम्मं बरोबर आहे आणि घोटाळा नेमका उरलेल्या निम्म्यात आहे.

आधी बरोबर काय ते सांगतो, कारण आपल्या इकडच्या वाचकांना हे सगळं नवीन असेल. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची तपासणी पास व्हावी लागते, तिकडच्या सरकारी वाहन तपासणी खात्याचे म्हणजे डीव्हीएसएवाले घेतात ती. पूर्वी एसव्हीए म्हणायचे, किट कारना ती १९९८ ला लागू झाली आणि २००९ पासून आयव्हीए आली. त्यात ब्रेक, स्टेअरिंग, धारदार कडा, आवाज असलं सगळं बघतात आणि एक्झॉस्टचा धूर पण बघतात. आता गाडी नवीन बांधलेली, इंजिन मात्र जुनं, मग धुराचा नियम कुठला लावायचा? तर तो इंजिनच्या वयावर ठरतो, गाडीच्या नाही. म्हणून तर तिकडचे किट कारवाले जुन्या ब्लॉकच्या मागं असतात, नुसता जुन्याचा शौक म्हणून नव्हे.

वयाचे पट्टे साधारण असे बघ. १ ऑगस्ट १९७५ च्या आधीचं पेट्रोल इंजिन असेल तर फक्त डोळ्यांनी धूर बघतात, मशीन नाही. त्यानंतर ३१ जुलै १९८६ पर्यंतचं असेल तर कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ ४.५ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन म्हणजे एचसी १२०० पीपीएमच्या आत. १ ऑगस्ट १९८६ पासून पुढे सीओ ३.५, एचसी तेवढंच १२००. ऑगस्ट ९२ ते जुलै ९५ हा मधला पट्टा जरा किचकट आहे, मॉडेलनुसार बदलतो. आणि १ ऑगस्ट १९९५ नंतर सरळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाली टेस्ट, तिथं फास्ट आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन जरा जोरात फिरवून, सीओ ०.३, एचसी २०० आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ च्या मध्ये पाहिजे. आकडे परत वाच, ३.५ वरून एकदम ०.३! खरी भिंत ती ९५ ची आहे, ७५ किंवा ८६ ची नाही.

सगळ्या तारखा १ ऑगस्टच्याच का असं वाटलं असेल. तिकडे नंबरप्लेटवरचं वर्षाचं अक्षर कितीतरी वर्षं १ ऑगस्टलाच बदलायचं, ऑगस्ट ७५ ला पी लागलं, ऑगस्ट ८६ ला डी, ऑगस्ट ९५ ला एन. त्यामुळं तुझी सिएरा सी अक्षराची आहे म्हणजे ऑगस्ट ८५ ते जुलै ८६ मधली, म्हणजे ४.५ टक्केवाल्या पट्ट्यातच बसली की. एक अक्षर पुढे असती तर ३.५.

आता घोटाळा. इंजिनचं वय टेस्ट घेणाऱ्याने शोधून काढायचं नसतं, ते तू सिद्ध करायचं असतं. नाही करता आलं तर तो म्हणणार बरं मग आजच्या नियमात बसवून दाखव, आणि वेबर लावलेलं क्रॉसफ्लो आजच्या नियमात बसवायचं म्हणजे म्हशीला पंख लावण्यातला प्रकार. विकणारा "७३ चा आहे हो, माझ्यावर विश्वास ठेवा" म्हणतो ते ठीक, पण टेस्टवाल्यासमोर विश्वास चालत नाही, तिथं जन्मदाखला लागतो. डोनर गाडीचा व्ही५सी ज्यावर इंजिन नंबर आहे आणि तोच नंबर ब्लॉकवर आहे, किंवा कंपनीचं पत्र की या नंबरचं इंजिन अमुक साली बनलं. व्ही५सी वर गाडी कधी पहिल्यांदा रजिस्टर झाली ते असतं, इंजिन त्याच्या आधीच बनलेलं असणार, उलट होऊच शकत नाही, अट एवढीच की ते त्याच गाडीचं मूळ इंजिन पाहिजे. मधे कुणी बदललं असेल तर साखळी तुटली.

हे मी शिकलो ते पैसे घालवून. मी पण तिकडे काही वर्षं होतो, कॉव्हेन्ट्रीला, आणि तुझ्यासारखीच हौस. एका ऑटोजंबलला, म्हणजे आपल्या जुन्या बाजारासारखं असतं, मोटारीचं भंगार आणि भारी माल एकाच टेबलवर, तिथं एक ७११एम ब्लॉक मिळाला. ७११एम म्हणजे क्रॉसफ्लोचा तो चांगला ब्लॉक, ७१ च्या आसपास आलेला, जाड मेन कॅपवाला, फॉर्म्युला फोर्डच्या रेसवाले पण तोच शोधतात. बोअर स्वच्छ, मस्त गनमेटल रंग मारलेला, मी खुश. घरी आणून नंबरच्या जागी चोळतोय चोळतोय, नंबरच नाही. आधीच्या मालकाने रेसिंगसाठी सगळं कास्टिंग ग्राइंडरने गुळगुळीत केलं होतं, दिसायला एक नंबर आणि नंबरच गायब. ओतकाम ७११एम आहे हे दिसत होतं, पण ७११एम कितीतरी वर्षं बनत होता, ७४ चा की ७९ चा हे कुणाला कळणार. शेवटी तो ब्लॉक एका ट्रॅकवाल्याला विकला, त्याला रस्त्याचे कागद नको होते.

एक सूचना इथंच, कारण कुणीतरी विचारणारच. नंबर नाही तर नवीन पंच करून घ्यावा का? नाही. ते जुगाड नाही, ते फ्रॉड आहे, आणि तिकडेच काय आपल्याकडे पण पंच केलेला नंबर बघणाऱ्याला लगेच कळतो, अक्षरांची खोली आणि रांग कधीच कंपनीसारखी येत नाही.

आता लोखंडाबद्दल, माझा आवडता विषय. मी वाढलो कोल्हापुरात उद्यमनगरात, घराच्या मागे फाउंड्री, लहानपणी वाळूचे साचे बघतच मोठा झालो. ब्लॉक ओतताना आत पाण्याच्या वाटेसाठी वाळूचा कोअर ठेवतात, तो जरा जरी सरकला तर बोअरची एक भिंत जाड आणि दुसरी पातळ होते. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. जुन्या ब्लॉकमध्ये हे जास्त, त्यात आतून चाळीस वर्षं गंजून अजून पातळ झालेली. मग हौशी माणूस ओव्हरसाइज पिस्टन घालायचा म्हणून बोअर करतो आणि एक दिवस पाणी सिलिंडरमध्ये. म्हणून बोअर करायच्या आधी अल्ट्रासॉनिकने भिंतीची जाडी मोजून घ्यायची, तिकडे बहुतेक इंजिन मशीनिंगवाले करून देतात आणि ब्लॉकच्या किमतीपुढं तो खर्च काहीच नाही.

पण जुनं म्हणजे वाईट असं अजिबात नाही बरं का. नवीन ओतलेल्या लोखंडात आतला ताण असतो, तापून गार होऊन तापून गार होऊन तो सुटतो आणि ब्लॉक आपल्या आकारात स्थिर होतो. आमच्याकडे जुने मिस्त्री म्हणायचे, पिकलेला ब्लॉक आहे. ८० च्या दशकात बीएमडब्ल्यूने फॉर्म्युला वनला दीड लिटरचं टर्बो इंजिन केलं, त्याचा बिडाचा ब्लॉक रस्त्यावरच्या साध्या एम१० इंजिनाचाच होता आणि त्यासाठी ते मुद्दाम वापरलेले ब्लॉक घ्यायचे. १९८३ ला ब्रॅबम-बीएमडब्ल्यूने ड्रायव्हरची चॅम्पियनशिप मारली ती त्याच इंजिनावर. तर पिकलेला ब्लॉक घ्यायला हरकत नाही, सडलेला नको.

बघायला जाशील तेव्हा टॉर्च, सरळ पट्टी आणि फीलर गेज घेऊन जा. वरचा फेस पट्टी ठेवून बघ, वाकलेला नाही ना. दोन बोअरच्या मधला अरुंद भाग आणि हेड बोल्टच्या भोकांभोवती केसासारखी चीर असते ती शोध, डाय पेनिट्रंटचा स्प्रे मिळतो तो मारला की लाल रेघ उठून दिसते. वेल्श प्लग, म्हणजे ब्लॉकच्या बाजूच्या भोकांत ठोकलेल्या पत्र्याच्या चकत्या, गंजलेत का बघ, म्हणजे त्या ब्लॉकमध्ये आयुष्यभर नुसतं नळाचं पाणी घातलंय का कूलंट ते कळतं. बोअरच्या वरच्या कडेला नख लावून बघ, कंगोरा लागला तर झीज आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेन बेअरिंगच्या कॅप त्याच ब्लॉकच्या पाहिजेत. त्या ब्लॉकला बसवून एकत्र लाइन बोअर केलेल्या असतात, दुसऱ्या ब्लॉकच्या कॅप आणून लावल्या तर क्रँक हाताने फिरणार नाही. कॅप हरवलेल्या आहेत असं म्हणाला तर चहा पिऊन परत ये.

आता तुझे तीन ऑप्शन. क्रॉसफ्लो हलकं, छोटं, सेव्हनच्या बॉनेटखाली अगदी मापात बसतं, आवाज पण तो पाहिजे तो. पण तुझ्याकडे नुसता ब्लॉक आहे, हेड, क्रँक, रॉड सगळं जमवायचं, क्रॉसफ्लोचे पार्ट तिकडे आता सोन्याच्या भावात आणि शेवटी कागद नाही. नंबर शाबूत असेल आणि त्या नंबरवरून कंपनीकडून किंवा जुन्या मालकाकडून लेखी काही मिळत असेल तर विचार कर, नाहीतर सोड. मोह आहे तो.

पिंटो जड आहे, उंच आहे, बॉनेटला फुगवटा काढावा लागेल, आणि सम्प म्हणजे खालचं तेलाचं भांडं कापून बसकं करावं लागेल नाहीतर स्पीडब्रेकरला जाऊन बसेल. अजून एक दुखणं, वरच्या कॅमवर तेल शिंपडणारी बारीक नळी असते ती चोंदली की कॅम खातो, ती आधी बदल, दहावेळा सांगतो आधी बदल. बाकी गुण बघ. २०५ वाला ब्लॉक म्हणजे जाड भिंतीचा, ९३ मिलिमीटरपर्यंत बोअर करता येतो, म्हणजे १९९३ सीसीचं जवळजवळ २१०० होतं. सिएराचा टाइप ९ पाच गिअरचा बॉक्स थेट लागतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे साखळी अख्खी आहे, गाडी आहे, व्ही५सी आहे, नंबर जुळवून बघायचा एवढंच.

झीटेकला लोक नाव ठेवतात पण तू स्वस्त म्हणतोयस आणि अख्खी चालू गाडी आहे. ९६ ची म्हणजे भिंतीच्या पलीकडची, कॅट लागणार, लॅम्डा सेन्सर लागणार, कंपनीची इंजेक्शन सिस्टीम ठेवावी लागणार. ते सगळं जसंच्या तसं उचलून लावलंस तर टेस्ट सहज पास होईल, इंजिन पिंटोपेक्षा कितीतरी चांगलं चालेल, पेट्रोल कमी खाईल. फक्त तुझे वेबर गेले. लोक ऑगस्ट ९५ च्या आधीची सिल्व्हर टॉप झीटेक शोधत फिरतात ते याच्यासाठीच, नवं इंजिन आणि जुना नियम दोन्ही हातात. तशी एखादी कागदासकट मिळाली तर मी पिंटो पण सोडायला सांगेन, पण त्या मधल्या पट्ट्याचं काय ते आधी आयव्हीएच्या मॅन्युअलमध्ये वाचून मगच पैसे दे.

तर तुझ्या जागी मी असतो तर, वेबर पाहिजेतच तर सिएराचं पिंटो. वेबरचा हट्ट सोडलास तर झीटेक. ७३ चा ब्लॉक दोन्हीत नाही.

प्रश्न : काका, माझं पिंटो बांधून झालं, दोन ४५ चे वेबर आणि फास्ट रोड कॅम. गॅरेजमधल्या मशीनवर सीओ १.५ टक्के येतोय, म्हणजे लिमिटच्या खूप आत, पण एचसी १८००! सीओ इतका कमी असून फेल कसा काय? मिक्श्चर अजून पातळ करू का? — लेस्टरहून

नको नको, उलटं कर.

सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एचसी जास्त म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, ते मग कशानेही असेल. तुझा सीओ कमी आणि एचसी जास्त, म्हणजे मिक्श्चर इतकं पातळ झालंय की आयडलला मधेमधे पेटतच नाही, एखादा स्ट्रोक रिकामा जातो आणि तेवढं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून बाहेर. कान लावून ऐक, फट.. फट.. असा अडखळल्याचा आवाज येत असेल. आयडल जेट किंवा मिक्श्चर स्क्रू थोडा श्रीमंत कर, म्हणजे पेट्रोल वाढव, सीओ अडीच-तीनपर्यंत जाऊ दे, तुझ्या इंजिनचं लिमिट साडेचार किंवा साडेतीन आहे, तेवढी जागा नियमाने दिलीय तर वापर. एचसी आपोआप पडेल. दोन कार्ब आधी एकमेकांशी बॅलन्स केलेत ना? चार नळ्यांत हवा सारखी खेचली जात नसेल तर नुसत्या स्क्रूवर कितीही खेळलास तरी एक सिलिंडर उपाशी आणि एक अजीर्ण झालेला.

कॅमचा पण दोष आहे. फास्ट रोड कॅममध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी जरा जास्त वेळ उघडे असतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात, हळू फिरताना ताजं पेट्रोल सरळ बाहेर निसटतं. म्हणून आयडल थोडा वर ठेव, हजाराच्या आसपास. आणि एक गोष्ट नियमातच आहे, बिनकॅटच्या गाडीला आयडलला एचसी फेल झाला तर एमओटीला, म्हणजे तिकडच्या दरवर्षीच्या गाडी तपासणीला, साधारण २००० आरपीएमवर परत मोजतात, तिथं १२०० च्या आत आला तर एचसी पास. कॅमवाल्या इंजिनला ही मोठीच सवलत आहे, टेस्टवाला विसरला तर नम्रपणे आठवण करून दे.

बाकी किरकोळ पण करच. टेस्टच्या आधी तेल बदल, नवीन इंजिन सेट करताना जास्तीचं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून तेलात मिसळतं आणि गरम झालं की ब्रीदरमधून परत इंजिनात येतं, एचसी वाढवतं. ब्रीदर कॅच टँकमध्ये घे. मॅनिफोल्डच्या सांध्यात फट असेल तर बाहेरची हवा आत शिरून रीडिंग खोटं दाखवतं. आणि गाडी ट्रेलरवर गार गार नेऊन टेस्टला उभी करू नकोस, पहिल्यांदा आयव्हीएला जाताना प्री-बुक केलेल्या टेस्टला चालवत जायची परवानगी असते, इन्शुरन्स काढ आणि चालवत ने, चांगलं पंधरा-वीस मिनिटं तापू दे. मी एकदा लाइनीत पाऊण तास थांबून गार झालेल्या इंजिनाने फेल झालोय.

प्रश्न : नमस्कार सर, तुमच्या मागच्या अंकातल्या लेखात तुम्ही किट कारचा उल्लेख केला होता. मी पुण्यात राहते, वडिलांची जुनी कॉन्टेसा शेडमध्ये पडून आहे, इशुझु इंजिनवाली. तेच इंजिन काढून आपल्याकडे सेव्हनसारखी गाडी बांधता येईल का? ब्रिटनसारखा जुन्या इंजिनला जुना नियम आपल्याकडे लागतो का? — पुण्याहून एक वाचक

ताई, पहिल्यांदा वडिलांना विचारलंत का? गंमत नाही करत, कॉन्टेसा हल्ली लोक जशीच्या तशी नीट करून ठेवतात, तिचं इंजिन काढणं म्हणजे पैठणी फाडून परकर शिवण्यातला प्रकार.

पण तुमची कल्पना आपल्याच मातीत आधी होऊन गेलीय हे सांगायला मला फार आनंद होतोय. अलिबागजवळ चिंकारा मोटर्स नावाची छोटी कंपनी होती, त्यांनी रोडस्टर १.८ एस म्हणून अगदी लोटस सेव्हनच्या चालीची गाडी केली होती आणि त्यात नेमकं हेच १.८ लिटरचं इशुझु इंजिन, कॉन्टेसावालं. म्हणजे ते इंजिन त्या कामाला चालतं हे सिद्ध झालेलंच आहे, साधं, टिकाऊ, दुरुस्तीला कुठलाही मिस्त्री चालेल.

अडचण कायद्याची. आपल्याकडे एकट्याने घरी बांधलेल्या गाडीसाठी ब्रिटनच्या आयव्हीएसारखी सोपी वाट नाही. नवीन गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ प्रमाणे तुमच्या पुण्यातल्याच एआरएआयसारख्या संस्थेकडून टाइप अप्रूव्हल, आणि तिथं आजचा नियम म्हणजे बीएस ६, जो १ एप्रिल २०२० पासून आहे. इंजिन १९८८ चं आहे हो, असं म्हणून सूट नाही. आणि आधीच रजिस्टर असलेली कॉन्टेसाच कापून सेव्हन केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण ते स्पष्ट केलं. त्याच प्रकारचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बदलता येतं, पण बॉडी चेसी वेगळी करून नाही.

पीयूसीचे आकडे तरी आपल्याकडे गाडीच्या बीएस पातळीवर असतात. बीएस २ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोलला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम, बीएस २ आणि ३ ला ०.५ आणि ७५०, बीएस ४ ला ०.३ आणि २००. बघा, शेवटचे आकडे आणि ब्रिटनच्या ९५ नंतरचे जवळजवळ सारखेच. तुमची कॉन्टेसा पहिल्या गटात, नीट ट्यून केली तर ३ टक्क्यांत आरामात बसेल. रजिस्ट्रेशन जिवंत आहे का ते मात्र आधी बघा, बऱ्याच शेडमधल्या गाड्यांचं ते संपलेलं असतं. व्हिंटेजची जी नवी सोय २०२१ ला आली, व्हीए सिरीज, नवीन रजिस्ट्रेशनला २० हजार रुपये आणि दहा वर्षांची मुदत, ती पन्नास वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांना, तुमची अजून तितकी म्हातारी नाही.

सेव्हन बांधायचीच असेल तर खाजगी ट्रॅकसाठी बांधा, रस्त्यावर आणायची नाही असं ठरवून. मग इंजिन कुठलंही चालतं, पण तेव्हा सुद्धा कॉन्टेसाला हात लावू नका, भंगारात एस्टीमची १.३ लिटरची इंजिनं मिळतात, हलकी आहेत, जास्त फिरतात, पार्ट तुमच्या गल्लीत.

प्रश्न : जुन्या ब्लॉकला आताचं इथेनॉलवालं पेट्रोल चालतं का? — सोलापूर

ब्लॉकला काही होत नाही, त्रास वरच्या हेडला आणि पाइपांना. शिसं असलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, ब्रिटनमध्ये पण त्याच सुमारास, ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला वंगण होतं. सीट ब्लॉकसारखी नरम बिडाची असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आत बसत जातो, टॅपेटची फट कमी होत जाते, एक दिवस कॉम्प्रेशन गायब. हेड एकदा लेथवर देऊन कडक सीट बसवून घ्या, मग विषय संपला. इथेनॉलचं दुखणं वेगळं, जुने रबरी पाइप, कार्बचे डायफ्राम आणि पंपाचं रबर ते खातं, नवीन इथेनॉलला चालणारे पाइप टाका. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून त्याच जेटवर मिक्श्चर थोडं पातळ पडतं, लेस्टरच्या दादाला वर जे सांगितलं तेच तुम्हाला, एक साइज मोठा जेट. गाडी महिनोन्महिने उभी असते का? मग टाकी भरून ठेवा, अर्धी ठेवली की आत पाणी धरतं.

प्रश्न : माझी किट कार २०११ ची रजिस्टर आहे, इंजिन १९८४ चं. मी हॅरोला राहतो. इंजिन ४० वर्षांवर गेलं म्हणून यूलेझमधून, म्हणजे लंडनमध्ये जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोज भरावा लागतो त्या शुल्कातून, सूट मिळेल का? एमओटी पण माफ होईल का? — हॅरो

नाही हो. आयव्हीएच्या धुरासाठी इंजिनचं वय बघतात म्हणून सगळीकडे तेच बघतात असं नाही. ४० वर्षांची हिस्टॉरिक सवलत गाडीला असते, इंजिनला नाही, आणि तुमची गाडी २०११ ची. यूलेझ २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोमध्ये म्हणजे पालिका विभागांत आहे, हॅरो धरून, पेट्रोल गाडीला युरो ४ पाहिजे, नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. म्हणजे तुमच्या घरातून गाडी रस्त्यावर काढली की मीटर सुरू. नंबर टाकून ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या वेबसाइटवर तपासून घ्या, किट कारच्या नोंदी कधी कधी वेगळ्याच निघतात. माझा एक ओळखीचा गाडी वॉटफर्डला मेहुण्याच्या गॅरेजमध्ये ठेवतो, रविवारी ट्रेनने जातो, गाडी फिरवतो, मेहुण्याकडे जेवतो आणि ट्रेनने परत. मेहुणा वैतागलाय पण अजून काही बोलला नाही.